आंदणात गेलेला पट

सौसरच्या बाजारात दत्तात्रयच्या पानठेल्यावर गुणवंतानं जे केलं ते शहाणपणाचं नव्हतं हे खरं, पण दत्तात्रयनंही तोंड सांभाळायला हवं होतं. पानाला चुना लावता लावता तो चार गिऱ्हाइकांदेखत म्हणाला, "गुणवंताचं काय बाप्पा, त्यानं बहिणीले आंदणात पट देऊन टाकला." झालं. गुणवंतानं उजव्या हातानं त्याची मानगूट धरली आणि तोंड फळीवर आपटलं. पहिल्या आपटीत ओठ फाटला, दुसरीत पुढचे दात गेले. काथ सांडला, त्यात रक्त मिसळलं, आणि सोडवायला आलेल्या दोघांनी फुकटात कोपर खाल्लं. गुणवंताचा डावा हात तेव्हा कामाचा नव्हता. एका हाताचा हा हिशेब, दोन असते तर दत्तात्रय उरला नसता.

राग यायला कारण होतं. पट म्हणजे शंकरपट, बैलजोड्यांची शर्यत. संक्रांत झाली की सौसरबाहेरच्या काळ्या मैदानात भरायची. मुलताई, काटोल, वरुड, सावनेर, कुठून कुठून जोड्या यायच्या. मोहगाव-रामाकोन्याच्या वाटा गाड्यांनी भरून जायच्या. दिवाळीला न आलेल्या लेकीबाळी पटाला माहेरी येत. सौसर कुठं आहे हे ज्याला सांगता येत नसे त्याला 'पटाचं गाव' म्हटलं की पुरे. असा तो पट, आणि तो आता जायच्या वाटेवर होता. लोक म्हणत होते, गुणवंतानं घालवला.

गुणवंता मूळचा पांढुर्ण्याचा. सौसरचे मोठे शेतकरी भगवंतराव, त्यांच्या जोडीचा तो धुरकरी, म्हणजे रेंगीवर, शर्यतीच्या हलक्या गाडीवर, बसून हाकणारा. शेंदऱ्या आणि कवड्या हे बैल त्यानं गोऱ्हे होते तेव्हापासून वाढवलेले. बायको तापानं गेली, दुसरी केली नाही, गोठ्याला लागून असलेल्या खोलीत राहायचा. असा जिवापाड माणूस, आणि ओळीनं दोन वर्षं हरला. हरला तोही कोणाकडून, तर सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याकडून. केसरबाई ही त्याची थोरली बहीण, सावनेरकडे दिलेली. तिचा नवरा पुंडलिकराव स्वतःची जोडी स्वतः हाकायचा, आणि अशी हाकायचा की बघणाऱ्यानं बोट तोंडात घालावं. गुणवंतानं कासरा सैल सोडला, मेहुण्याची भीड धरली, असं गावानं ठरवून टाकलं. गावाला ठरवायला किती वेळ लागतो.

पटाचा एक जुना कायदा होता. एकाच जोडीनं ओळीनं तीनदा पट मारला की मानाचा झेंडा त्या जोडीच्या गावी जायचा, आणि झेंड्यामागं पटही. सौसरला तो तसाच आला होता. भगवंतरावांच्या बापानं तीनदा जिंकून दुसऱ्या गावाहून आणला होता, म्हणून आता नाही म्हणायला तोंड नव्हतं. पुंडलिकरावांचं हे तिसरं वर्ष.

एरवी झेंडा सावनेरकडे गेला असता तरी काय, एका दिवसाच्या बैलगाडीची वाट. पण ऐन त्याच वर्षी सरकारनं नकाशावर रेघ मारली. छप्पन सालचा नोव्हेंबर उजाडला आणि सावनेर मुंबई राज्यात, सौसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात. कालपर्यंत नागपूर आपली राजधानी होती, कोर्टकचेरी तिकडे, लेकीसुना तिकडे, संत्रं तिकडे. आता म्हणे भोपाळ. भोपाळ कोणत्या दिशेला आहे हे भगवंतरावांनी मास्तरला विचारून घेतलं. नागपूर गेलं, आता पटही जातो, ही गोष्ट लोकांना पचत नव्हती. सरकारच्या थोबाडीत मारता येत नाही. गुणवंता मात्र रोज बाजारातून जायचा.

यंदा तर त्याला हाकताही येणार नव्हतं. त्याचा डावा खांदा गोटमारीत गेला होता.

पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचं झाड रोवतात, वर झेंडा. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि मधल्या झेंड्यासाठी दिवसभर दगड चालतो. डोकी फुटतात, हाडं मोडतात, वाईट वर्ष असलं तर माणूसही जातो. पण दगड कोणाचा हे कोणी विचारत नाही, कोणी सांगत नाही. गुणवंताच्या आईचं माहेर सावरगाव. त्याच्या बापाचा डोळा मामाच्या दगडानं गेला, आणि त्याच संध्याकाळी मामा हळद-तूप घेऊन आला, जखम बांधली, बहिणीच्या हातचं जेवला. बापानं मरेपर्यंत त्या एका डोळ्यानं मामाकडे हसूनच पाहिलं. यंदा गुणवंताचा खांदा मामेभावानं फोडला आणि तोच त्याला पाठीवर घेऊन वैद्याकडे पळाला. तो दगड गुणवंतानं जपून ठेवला होता. पेरूएवढा, नदीनं गुळगुळीत केलेला.

झेंड्याखाली सांडलेलं रक्त संध्याकाळी धुतलं जातं, असं तो आईच्या दुधाबरोबर शिकला होता. पुढं जे झालं ते या एका समजुतीमुळं झालं.

पटाच्या आदल्या दिवशी दुपारी केसरबाई आणि पुंडलिकराव आले. गाडीमागं ती पांढरी जोडी, अंगावर झूल, माशी बसली तर घसरावी अशी कांती. केसरबाईनं आल्या आल्या चूल पेटवली. वर्षातला तेवढाच दिवस त्या खोलीला घरासारखा वास यायचा.

पुंडलिकराव हात धुऊन पाटावर बसले आणि हसत म्हणाले, "काय साळेबुवा, आता तुमी भोपाळवाले, आमी मुंबईवाले. उद्या बहिणीकडे याले परवाना लागंन तुले."

गुणवंता हसला नाही. म्हणाला, "भाऊजी, एक मागू काय?"

"माग ना."

"यंदा जोडी उतरवू नका."

पुंडलिकरावांचा घास हातातच राहिला. "काहून?"

"लोक मले जगू देऊन नाही राहिले. म्हनतेत, मी आंदण दिलं."

"लोकायच्या तोंडाले कोण लागते," केसरबाई चुलीपाशी बसून म्हणाली. "तू काय मुद्दाम हरला?"

"नाही बाई. आईची शप्पथ."

"मंग झालं तं."

पुंडलिकराव जेवून, हात धुऊन आले. मग म्हणाले, "गुणवंता, पळणारा बैल मी खुंट्याले बांधून ठेवू काय? हरला तं हरला, मी मुकाट्यानं घरी नेईन. पण पळू तं देईन. आन् झेंडा माह्या गावी आला म्हनून परका होते काय? तू येजो. बहिणीचं घर हाय."

ते मनापासून बोलले होते, आणि गुणवंताला ते कळलंही. म्हणूनच त्याला जास्त राग आला. जिंकणाऱ्याच्या तोंडी ते बोल सोपे असतात. उद्या बाजारातून त्याला चालायचं होतं.

सकाळी मैदान माणसांनी काळं झालं. पटाआधी आठ दिवस गावातल्या बायामाणसांनी ओळीनं बसून मैदानातला खडा न् खडा वेचलेला असायचा, बैलाच्या खुराला लागू नये म्हणून. नुसती काळी, चाळलेल्या पिठासारखी माती. दोन जोड्या शेजारी शेजारी सुटायच्या आणि टोकाला झेंडा.

पहिल्या फेरीपासूनच दिवस वाकडा निघाला. वरुडच्या जोडीनं बाजूच्या रेंगीवर चाल केली, चाकात चाक अडकलं, आणि मुलताईच्या धुरकऱ्याची मांडी चाकाखाली काडकन मोडली. हाड बाहेर आलं. त्याला उचलत असताना कोणीतरी म्हणालं, जा तुमच्या मुंबईले. दुसऱ्यानं भोपाळची आई काढली. काठ्या निघाल्या. काटोलच्या एका म्हाताऱ्याच्या टाळूवर पडली आणि रक्त भुवईवरून नाकावर, नाकावरून धोतरावर आलं. तो बसल्या जागी डोकं धरून शिव्या देत राहिला. दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या नात्यातली, लग्नात एका पंगतीला बसलेली, आणि एकमेकांची नरडी धरून मातीत लोळत होती. हे थांबवायला भगवंतराव स्वतः मध्ये गेले तेव्हा त्यांचा फेटा सुटला आणि पाठीत बुक्की बसली.

बैलांचे हाल तर विचारू नका. तुतारी म्हणजे टोकाला खिळा बसवलेली काठी. नुसती दाखवायची असते, पण त्या दिवशी धुरकऱ्यांनी ती मुठीपर्यंत घुसवली. पुठ्ठ्यांवरून रक्ताचे ओघळ वाहत होते आणि बैल तोंडानं फेस टाकत, डोळे पांढरे करत पळत होते. शेवटच्या फेरीपर्यंत तीन जोड्या लंगड्या झाल्या. आणि शेवटच्या फेरीला उरल्या कोणत्या, तर ठरल्यासारख्या त्याच दोन. भगवंतरावांची आणि पुंडलिकरावांची.

शेंदऱ्या-कवड्याच्या रेंगीवर भगवंतरावांचा मुलगा वसंत बसला. हाताचा हलका, पण घाबरलेला. गुणवंतानं बैलांच्या कानापाशी तोंड नेलं, काही बोलला, आणि मागं सरला. 

भगवंतराव त्याच्याजवळ आले. त्यांच्या पाठीवर अजून माती होती. "तू झेंड्यापाशी राय," ते म्हणाले. "लोकायले पट्ट्यात येऊ देऊ नको." मग त्यांनी गुणवंताच्या उजव्या हाताकडे पाहिलं, धोतराच्या कनवटीकडे पाहिलं, जिथं काहीतरी गोल दिसत होतं. पांढुर्ण्याचा दगड मारणारा हात ठाऊक नाही असा सौसरमध्ये कोणी नव्हता. "मी तुले काही सांगतलं नाही," ते म्हणाले आणि निघून गेले.

गुणवंता झेंड्यापाशी जाऊन उभा राहिला. पलीकडच्या बाजूला बायकांची गर्दी होती, त्यात केसरबाई पदर खोचून पुढं उभी. नवऱ्याची जोडी पळते म्हणून तोंडावर आनंद, भावाची हरेल म्हणून कपाळावर आठी. असं तोंड करायला बहीणच लागते.

झेंडी पडली. धुळीचा लोट उठला आणि त्यातून दोन्ही जोड्या बाहेर आल्या. अर्ध्या पट्ट्यापर्यंत शेंदऱ्या-कवड्या बरोबरीनं होते. गुणवंताच्या तोंडून आपोआप हाक निघत होती, पायाची बोटं मातीत रुतत होती. मग पुंडलिकरावांनी तुतारी न लावता नुसती जीभ टाळ्याला लावून आवाज काढला, आणि ती पांढरी जोडी अशी सुटली की जणू आत्ताच खुंट्यावरून सोडली. वसंतनं घाबरून कवड्याच्या पुठ्ठ्यात खिळा खुपसला. कवड्या बिचकला. गेला पट.

गुणवंताचा हात कनवटीला गेला. त्यानं विचार केला नाही असं म्हणणं खोटं होईल. केला. बैलाला मारीन, बैल अडखळेल, रेंगी मागं पडेल, वसंत पुढं जाईल. संध्याकाळी भाऊजींकडे हळद-तूप घेऊन जाईन, म्हणीन लागलं काय हो, ते दोन शिव्या देतील, बाई वाढील, जेवू. त्याच्या बापानं डोळा देऊनही मामाला जेवू घातलं होतं. इथं तर बैलाचा प्रश्न. एवढा विचार त्यानं केला आणि दगड सोडला.

पांढुर्ण्याचा हात चुकत नाही. दगड आतल्या बैलाच्या डोळ्यावर बसला. बैलानं मान फिरवली तसं जू वाकडं झालं, जोडीदाराचे पाय त्याच्या पायांत गेले, आणि भरधाव दोन्ही बैल कोसळले. रेंगी हवेत उडाली. पुंडलिकराव पुढं फेकले गेले, आणि रेंगीचा पुढचा दांडा वरून येऊन त्यांच्या छातीत बसला. तो आवाज झेंड्यापर्यंत आला. वसंतची जोडी बाजूनं निघून गेली आणि झेंड्यापार झाली.

क्षणभर कोणाला काही उमगलं नाही. मग सौसरवाले जिंकलो म्हणून नाचायला लागले, आणि सावनेरवाले त्यांच्यावर तुटून पडले. मांडव पडला. मांडवाचे बांबू उपसून माणसं माणसांना झोडत होती. वसंतला रेंगीवरून ओढून इतकं मारलं की महिनाभर त्याला भाकरी भिजवून द्यावी लागली. एकाचं बोट चावून तोडलं गेलं. मिठाईवाल्याची कढई उलटली आणि उकळतं तेल ज्यांच्या पायांवर गेलं ते कोणत्या राज्याचे हे तेलानं पाहिलं नाही.

गुणवंता त्या सगळ्यातून मार खात खात पुंडलिकरावांपाशी पोचला. त्यांच्या तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते. गुणवंताला पाहून त्यांच्या डोळ्यांत धीर आला. घरचं माणूस आलं की येतो तसा.

"बैल पाह्य," ते म्हणाले. "गुणवंता, माहा बैल पाह्य. डोळ्याले काही झालं त्याच्या."

"पाह्यतो भाऊजी."

"तू पाह्य. दुसऱ्याले हात लावू देऊ नको."

एवढंच. बैल पाहायला गुणवंता वळला, तो परत फिरेपर्यंत बुडबुडे थांबले होते. बैलाचा पुढचा पाय मोडला होता आणि डोळ्याच्या जागी नुसता लाल खड्डा होता. तोही संध्याकाळ पाहू शकला नाही.

केसरबाई आली तेव्हा ती रडत नव्हती. नवऱ्याचं डोकं तिनं मांडीवर घेतलं, तोंड पदरानं पुसलं. मग तिची नजर समोर मातीत गेली. वेचून खडा न ठेवलेल्या त्या काळ्या मातीत एकच दगड पडला होता. गुळगुळीत, पेरूएवढा. पांढुर्ण्याच्या लेकीला जाम नदीचा दगड ओळखायला कोणाला विचारावं लागत नाही. तिनं मान वर करून भावाकडे पाहिलं. त्यानं खाली पाहिलं. तिनं हात लांबवून दगड उचलला आणि ओच्यात टाकला.

फौजदार आले. पन्नास जणांना विचारलं. सौसरवाल्यांनी पाहिलं असूनही पाहिलं नव्हतं, सावनेरवाल्यांना धुळीत दिसलं नव्हतं. शेवटी त्यांनी केसरबाईला विचारलं, "बाई, तुम्ही समोरच होता. काय झालं?"

गुणवंता चार पावलांवर उभा होता. आता ती नाव घेईल, आणि घ्यावंच, असं त्याला वाटत होतं.

"बैल अडखळला," केसरबाई म्हणाली.

झेंड्याखालचा कायदा तिनं पाळला. त्या दुष्ट घटकेलाही गुणवंताच्या मनात एक आशा डोकावली की कायद्याचा पुढचा भागही ती पाळेल. पण सावनेरच्या माणसांनी प्रेत गाडीत ठेवलं, ती शेजारी बसली, आणि भावाच्या खोलीत राहिलेलं आपलं लुगडं न्यायलाही ती आली नाही.

झेंडा राहिला. भगवंतरावांनी तो घरात खुंटीला लावला. पुढच्या संक्रांतीला बायामाणसांनी पुन्हा खडे वेचले, मांडव घातला, मिठाईवाल्याला सांगितलं. सावनेरहून कोणी आलं नाही. काटोल नाही, वरुड नाही. मुलताईहून एक जोडी आली आणि शेजारी पळायला कोणी नाही म्हणून गवत खाऊन परत गेली. पलीकडे, पुंडलिकरावांच्या गावी, त्याच दिवशी पट भरला होता आणि म्हणे गाड्यांची रांग नजरेत मावत नव्हती. त्यानंतरच्या वर्षी सौसरचं मैदान भगवंतरावांनी नांगरलं आणि कापूस टाकला. बाजारात आता गुणवंताला कोणी आंदणावरून बोलत नव्हतं. त्याच्याशी कोणी काहीच बोलत नव्हतं.

एके सकाळी त्यानं भगवंतरावांकडे झेंडा मागितला. त्यांनी का म्हणून विचारलं नाही, खुंटीवरून काढून दिला. तो घेऊन गुणवंता पायी निघाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बहिणीच्या अंगणात जाऊन उभा राहिला.

केसरबाई सुपात तूर पाखडत होती. तिनं त्याला पाहिलं, सूप बाजूला ठेवलं आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तो दगड होता. गुणवंताला बरं वाटलं. खरोखर बरं वाटलं, दोन वर्षांत पहिल्यांदा. त्यानं टोपी काढली, अंगणाच्या मधोमध गुडघ्यावर बसला आणि कपाळ पुढं केलं.

"मार बाई," तो म्हणाला. "जीव गेला तरी चालन."

ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. दगड हातात तोलत होती. तिचाही हात पांढुर्ण्याचाच होता.

"मी मारला तं फिटलं म्हनशीन," ती म्हणाली. "मंग मी हळद लावीन, वाढीन, आन् तू जेवून जाशीन. नाही गुणवंता."

तिनं दगड पुन्हा आतल्या कोनाड्यात, नवऱ्याच्या टोपीशेजारी ठेवला. बाहेर येऊन त्याच्या हातातला झेंडा घेतला, घडी केली, आणि काखेत धरली.

"लोक बरोबर म्हनत होते," ती म्हणाली. "दिलं तू आंदण. पोचलं मले."

मग ती सुपापाशी बसली आणि तूर पाखडू लागली.  अंगणातल्या रांजणापाशी गडवा होता. तिनं पाणी विचारलं नाही, आणि मागायची त्याची हिंमत झाली नाही. तो उठला, टोपी हातातच घेऊन सौसरच्या वाटेला लागला.